म्हसवडहून सांगलीला, सुईसाठी

मी भित्रा माणूस आहे. उमेदीची सगळी वर्षं फौजेत काढली, तरी आहे. माझी नोकरी कारकुनाची होती, बंदुकीपेक्षा टाइपरायटरच जास्त ऐकला. पण आपल्याकडे फौजी म्हटलं की लोकांना छाती दिसते. त्यामुळे घाबरायचं ते मी घरात, दार लावून घाबरतो. या प्रवासात दार लावायला कुठे जागाच मिळाली नाही.

साताऱ्याहून म्हसवड, म्हसवडहून सांगली, तिथून इस्लामपूर आणि परत सातारा. एवढ्याशा फिरतीवर कुणी प्रवासवर्णन लिहीत नाही, हे मला कळतं. सांगलीला लोक हळद घ्यायला जातात, बेदाणे घ्यायला जातात, कुणी गणपतीला जातं. आम्ही सुई टोचून घ्यायला गेलो. अशी सुई निघालीय हे ज्यांना ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून एस्टीत पाय ठेवायचं धाडस होत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. भाचीला विचारून लिहितोय. तिचं नाव इथे अश्विनी ठेवलंय. ते तिनंच निवडलं. शाळेत त्या नावाची एक मुलगी होती, तिचा हिला हेवा वाटायचा.

अश्विनीला जन्मापासून एचआयव्ही आहे. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, आणि मेहुणे, दोघंही ती लहान असतानाच गेले. म्हसवडला माझ्या आईनं तिला वाढवलं. मी सुट्टीवर यायचो तेव्हा खाऊ आणायचो आणि धास्ती घेऊन परत जायचो. पोर गोळ्यांवर मोठी झाली, शिकली, आता पंचायत समितीत संगणकावर काम करते. तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत. गोळ्यांनी विषाणू इतका दबलाय की रक्ताच्या तपासणीत दिसतच नाही, आणि तो असा दबून आहे तोवर तिच्याकडून नवऱ्यालासुद्धा जात नाही. हे डॉक्टरांनी मला समजावलं, मी आईला समजावलं. समजलेलं पोटात उतरायला मात्र वेळ लागतो.

तिचं लग्न ठरलंय. मुलगा इस्लामपूरचा, सागर, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. पहिल्याच भेटीत अश्विनीनं त्याला सगळं सांगितलं. तो घरी गेला, चार ठिकाणी विचारून आला आणि म्हणाला, माझं ठरलंय. त्याच्या आईला मात्र लग्नानंतर सावकाश सांगायचं, असं आमचं ठरलं. हे ठरवण्यात मीच पुढे होतो.

अडचण होती ती गोळीची. इस्लामपूरचं घर एकत्र, जावा, नणंदा, एक स्वयंपाकघर. आपल्याकडे नवी नवरी आली की तिची बॅग घरातल्या बायका मिळून उघडतात. साड्या मोजतात, डबे हुंगतात, हे काय नि ते काय विचारतात. त्यात वाईट काही नसतं, कौतुकच असतं. पण त्या कौतुकातून रोजच्या गोळीचा डबा कसा सुटणार, या विचारानं माझी झोप गेली होती. तेव्हा सांगलीच्या डॉक्टरबाईंनी सुईचं सांगितलं. आधी एकदा, महिन्यानं एकदा, आणि मग दर दोन महिन्यांनी. रोजची गोळी बंद. आमच्याकडे ती अजून सहज मिळत नाही, बाईंनी खटपट करून बाहेरून मागवली होती.

म्हसवड

मी म्हसवडला पोचलो तेव्हा सिद्धनाथाचं नवरात्र चालू होतं. आमच्याकडे हे नवरात्र दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत चालतं. काही जण ते उभ्यानं धरतात. म्हणजे तेवढे दिवस बसायचं नाही. भिंतीला टेकतील, काठीला रेलतील, पण बूड टेकणार नाहीत. त्यांच्या पायांना सूज येते आणि लोक त्याच पायांवर डोकं ठेवतात. साताऱ्यातल्या माझ्या शेजाऱ्यांना हे सांगितलं तर ते माझ्याकडे संशयानं बघतात.

आईनं बाजरीच्या भाकरी बांधल्या, शेंगदाण्याची चटणी दिली. अश्विनी शिकेकाईच्या डब्यातून तिच्या गोळ्या काढत होती. मूळ डब्यावरचा कागद ती आधीच सोलून टाकते आणि आत कापूस भरते, म्हणजे गोळ्या वाजत नाहीत. हे तिला कुणी शिकवलं नाही.

आईनं मला बाजूला घेतलं. "सुई टोचली की उतरंल का रं समदं?"

"उतरत नाही आई. दबून राहतं."

"मंग आतापतूर काय व्हतं?"

"दबूनच होतं."

"मंग जाता कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते इस्लामपूरच्या बॅगेपासून सुरू करावं लागलं असतं. मी भाकरीची पिशवी उचलली.

विट्याच्या वाटेनं

माण तालुक्यातून सांगलीकडे जाणं म्हणजे हळूहळू पाण्याकडे जाणं. आधी बाभळी, उघडे माळ, मेंढरांचे कळप. विटा मागे पडलं की जमिनीचा रंग बदलतो, आणि तासगावच्या आसपास द्राक्षांचे मांडव लागतात. त्याखाली माणसं वाकून काहीतरी करत असतात, काय ते एस्टीतून कधीच कळत नाही. पुढे उसाचं हिरवं सुरू होतं ते संपतच नाही. आमच्याकडची माणसं हे बघून गप्प होतात.

एस्टीत म्हसवडच्याच एक ओळखीच्या बाई निघाल्या. "कुटं निगाला मामा-भाची?"

"लग्नाच्या साड्या घ्यायला. सांगलीला."

"साड्या तिकडं इचलकरंजीला घ्या की. सांगलीला कोन जातंय साड्यास्नी?" मग त्यांनी विटा येईपर्यंत आम्हाला दुकानं सांगितली. मी सगळी लक्षपूर्वक ऐकली. खोटं बोललं की माणूस फार आज्ञाधारक होतो.

त्या उतरल्यावर अश्विनी खिडकीकडे बघत म्हणाली, "मामा, एक सांगायचं हाय. कऱ्हाडला हॉस्टेलवर हुते तवा मी गोळ्या सोडल्या हुत्या."

"किती दिवस?"

"लय दिवस. खोलीतल्या पोरी विचारायच्या, रोज कसली गोळी खातीस. मंग खायचीच सोडली. परत सुरू केली, पर मदी लय दिवस गेलं."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणून तर त्यांनी निराळं रक्त घेतलंय. उद्या त्याचाच रिपोर्ट हाय."

मी तिला रागावलो नाही. गोळ्या मध्येच सोडल्या की विषाणू औषधाला सरावतो, एवढं मलाही ठाऊक होतं. सरावला असेल तर सुई नाही. सुई नाही तर गोळी, आणि गोळी म्हणजे इस्लामपूरच्या बायका आणि उघडी बॅग. आम्ही भाकरीची पिशवी उघडली, पण चटणी नुसतीच चाखत बसलो.

सांगली

दवाखाना दुसऱ्या दिवशी सकाळी होता. संध्याकाळी आम्ही कृष्णेच्या घाटाकडे गेलो, तिखट भडंग घेतलं. सांगलीकर माणूस बोलायला लागला की पुरावर येतोच. भडंगवाल्यानं दुकानाच्या भिंतीवर हात वर करून दाखवला, पाणी इथपर्यंत होतं. आमच्याकडे पाहुण्याला कोरडी विहीर दाखवतात, इथे भिंत दाखवतात. समोर कृष्णा इतकी शांत होती की त्या माणसावर विश्वास ठेवणं कुणालाही जड गेलं असतं. मला मात्र लगेच विश्वास बसला. जे शांत दिसतं त्याला मी जास्त घाबरतो.

सकाळी दवाखान्यात गेलो. तिथली वाट बघायची खोली सांगितली पाहिजे. कुणी कुणाकडे बघत नाही. बहुतेक सगळे लांबून आलेले. साताऱ्याकडचे सांगलीला येतात, सांगलीचे कोल्हापूर नाहीतर साताऱ्याला जात असणार, कारण आपल्या गावात आपल्याला कुणी बघायला नको. मी पंख्याकडे बघत बसलो होतो. खाली नजर गेली तर समोर रहिमतपूरचे एक निवृत्त हवालदार, आमच्याच पलटणीतले. त्यांनीही तेव्हाच पंख्यावरून नजर खाली आणली होती.

बराच वेळ दोघंही परत पंख्याकडे बघत राहिलो. शेवटी ते म्हणाले, "गुडघं दुखत्यात. म्हणून आलोय."

"माझेही," मी म्हणालो.

तिथे गुडघ्याचा डॉक्टर नव्हता. उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अश्विनीकडे न बघताच तिला म्हणाले, "बरं वाटंल पोरी." मला त्यांना परत बोलवावंसं वाटलं. पण बोलवून काय बोलायचं होतं, ते ठाऊक नव्हतं.

आत डॉक्टरबाईंनी आधी रिपोर्टचं सांगितलं. त्यांचा चेहरा वाचायचा मी प्रयत्न केला. डॉक्टरांना चेहरा न ठेवायचं शिक्षण देत असावेत. त्या म्हणाल्या, जुन्या गोळ्यांपैकी एका औषधाला विषाणू थोडा सरावल्याची खूण पेशींमध्ये दिसते, पण या सुईतल्या दोन्ही औषधांना नाही. बी प्रकारची कावीळ नाही, टीबी नाही, म्हणजे सुईला आड येणारं काही नाही. याच औषधांच्या गोळ्या महिनाभर देऊन बघितल्या होत्या, त्याही मानवल्या. "सुई प्रत्येकाला चालत नाही," त्या म्हणाल्या. "शिंप्यानं माप घ्यावं तसं आधी माणसाचं माप घ्यावं लागतं. वजन बघून सुईची लांबीसुद्धा बदलते. हिचं माप जुळलंय."

मला वाटलं, सुटलो. माझी सुटका नेहमी अशीच थोडा वेळ टिकते.

बाई पुढे म्हणाल्या, "आता नीट ऐका. गोळी नाही सोसली तर उद्यापासून बंद करता येते. सुई एकदा गेली की बाहेर काढता येत नाही. औषध कमरेखाली स्नायूत साठून राहतं आणि तिथून हळूहळू रक्तात झिरपतं. पुढची सुई आठवडाभर मागेपुढे चालेल. त्याहून लांबली आणि मला कळवलं नाही, तर औषध अंगात असतं पण अपुरं असतं. अपुऱ्या औषधातच विषाणू सरावतो. मग ही सुई तर गेलीच, तिच्या जातीच्या गोळ्याही जातात."

अश्विनीनं विचारलं, "म्हणजे विसरायचंच न्हाई."

"विसरायचं नाही. आणि एकटीनंच लक्षात ठेवायचं, असंही करू नको. घरात कुणालातरी माहीत पाहिजे."

मी म्हणालो, "तिच्या नवऱ्याला, म्हणजे होणाऱ्या, माहीत आहे."

"तो कारखान्यात शिफ्टवर असतो ना?" बाई म्हणाल्या आणि थांबल्या. मला त्या थांबण्याचा राग आला.

मग मी, काहीतरी बोलायचं म्हणून, याहून सोपं काही निघालं नाही का, असं विचारलं. निघतंय, त्या म्हणाल्या. सहा महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली द्यायची एक सुई निघालीय, पण तिच्याबरोबर दुसरं औषध लागतंच. दंडात कातडीखाली बसवायची काडीपेटीतल्या काडीएवढी कांडी आहे, तिच्यावर काम चालू आहे. "पण तुमची पोरगी आज माझ्यासमोर उभी आहे," बाई म्हणाल्या. "मला आज जे देता येतं ते मी देते."

सिस्टरनं फ्रिजमधून औषध काढून ठेवलं. ते गार टोचलं तर जास्त दुखतं, म्हणून थोडा वेळ बाहेर ठेवतात. तेवढ्या वेळात अश्विनी नको म्हणाली असती तर मी तिला तिथून उचलून नेलं असतं. ती काही म्हणाली नाही. पडद्याआड जाताना तिनं फक्त विचारलं, "मामा, आज रात्री गोळी न्हाई न्हवं?"

"नाही," सिस्टर म्हणाली.

"मला आठवतंय तवापासनं, गोळी न्हाई आन धास्तीबी न्हाई अशी पयलीच रात्र," अश्विनी म्हणाली. ती हे हसून म्हणाली, पण मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

दोन औषधं, दोन सुया, दोन्ही बाजूंना एकेक. जाड औषध, सावकाश ढकलावं लागतं. पडद्याआडून आवाज आला नाही. मी बाहेर उभा राहून, आता ते परत काढता येणार नाही, एवढंच मनात म्हणत होतो.

बाहेर आली तेव्हा लंगडत होती. सिस्टरनं सांगितलं, दोन-चार दिवस दुखेल, चालत राहा, बर्फ लावा, ताप आला किंवा अंगावर चट्टे उठले तर तडक मोठा दवाखाना गाठा. म्हणून काही दिवस ती साताऱ्याला माझ्याकडेच राहणार होती.

इस्लामपूर

सांगलीहून साताऱ्याची एस्टी आष्ट्यावरून इस्लामपूरला येते. अश्विनी एक सीट रिकामी असूनही उभी होती. बसून बघितलं, पण रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तिचा चेहरा आक्रसायचा. कंडक्टर दोनदा म्हणाला, ताई बसा की. ती नको म्हणाली. मी दर वळणावर तिच्या हाताच्या आतल्या बाजूला चट्टे उठलेत का ते बघत होतो. शेवटी तिनं बाही खाली ओढली.

गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला, हवेत मळीचा आंबूस वास. इस्लामपूरच्या स्टँडवर एस्टी थांबली आणि खिडकीखालून हाक आली, "आवं पावणं."

सागरची आई. ठसठशीत बाई, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मी सागरला फोनवर सांगितलं होतं की संध्याकाळी आम्ही तुमच्या गावावरून जाऊ. त्यानं साध्या मनानं ते आईला सांगितलं. आमच्या भागात सोयऱ्याच्या गावावरून न थांबता जाणं म्हणजे अपमान. मी कारकून असूनही हे विसरलो.

"गावावरनं जाता आन घरी येत न्हाई व्हय? मी म्हनलं, स्टँडावरच धरती. उतरा. कऱ्हाडच्या गाड्या मागनं लय हायत्या."

उतरावंच लागलं. त्यांच्या घरीही साड्या घ्यायला गेलो म्हणूनच सांगितलेलं, आणि हातात नुसती भडंगाची पुडी.

घर स्टँडपासून जवळच. नवं स्लॅबचं, मागे उसाचं शेत. दारापुढे तुळशीला ऊस बांधून ठेवलेला, तिच्या लग्नाच्या तयारीत. जावा-नणंदा एका बारशाला गेलेल्या, सागर कारखान्यावर. घरात त्या एकट्याच होत्या. देवानं एवढी तरी दया केली, असं मला तेव्हा वाटलं.

विहीणबाईंनी चटई टाकली. मी बसलो. अश्विनी भिंतीला टेकून उभी राहिली.

"बस की गं."

"असू दे आत्या. बरं वाटतंय."

पाणी झालं, चहा झाला. चहाही तिनं उभ्यानंच घेतला. विहीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली, तरी ती भिंतीलाच टेकून. त्या एकदम थांबल्या, तिच्या पायांकडे बघितलं. मग तुळशीकडे. मग माझ्याकडे.

"म्हसवडची न्हवं का पोरगी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नवरात्र धरलंय? उभ्याचं?"

मी "व्हय" म्हणालो. विचार करून म्हणालो असंही नाही. बुडणारा माणूस हाताला येईल ते धरतो, तसं ते माझ्या हाताला आलं.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माजी आई धरायची. आटपाडीची माजी आई. शेवटच्या दिवशी पाय उचलायचं न्हाईत तिचं, आमी पोरी धरून न्ह्यायचो." बोलता बोलता त्या आत गेल्या. अश्विनीनं माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. "मामा, काय केलंसा," ती कुजबुजली.

विहीणबाई तांब्याभर कोमट पाणी, ताम्हण आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. अश्विनीला काही बोलायला सवड न देता त्यांनी खाली बसून तिचे पाय ताम्हणात घेतले. धुतले, पदरानं पुसले, कुंकू लावलं. पायांवर डोकं ठेवलं. ज्या घरात माझ्या भाचीच्या ताटालासुद्धा कुणी हात लावणार नाही या भीतीनं मी महिनोन्महिने जागलो, त्या घराची मालकीण तिच्या पायांवर डोकं ठेवून होती. मग त्यांनी ताम्हणातलं पाणी ओंजळीत घेतलं. डोळ्यांना लावलं, आणि ओंजळ तोंडाकडे नेली.

पाण्यातून काही होत नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे. पण पुढे कधीतरी त्यांना कळेल आणि त्या म्हणतील, तुम्ही मला ते पाणी पिऊ दिलंत, हे मला लख्ख दिसलं. तरी मी जागचा हललो नाही.

अश्विनीनं वाकून त्यांचं मनगट धरलं. वाकताना तिला कळ आली, तोंडातून आवाज निघाला. "आत्या, पिऊ नका."

"का गं?"

"नवरात्र न्हाई धरलं मी. सुई टोचून घेतलीया, दोन्हीकडं. बसवत न्हाई म्हणून उभी हाय."

"कसली सुई?"

"ताकदीची," मी मध्ये बोललो. "अशक्तपणा..."

"मामा, ऱ्हाऊ द्या." ती त्यांच्याकडेच बघत होती. "एचआयव्हीची. जन्मापासनं हाय मला. आईकडनं आलाय. रोज गोळी खात हुते, आता सुई हाय."

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत. विहीणबाईंच्या ओंजळीतलं पाणी बोटांमधून ताम्हणात गळून गेलं.

"सागरला ठावं हाय?"

"व्हय. पयल्या दिवसापासनं."

"आन तुमाला." हे मला. मी मान हलवली.

"मंजी मलाच न्हवतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ह्या पाण्यातनं व्हतंय का ते?"

"न्हाई. पाण्यातनं, ताटातनं, कशातनंच न्हाई. औषध चालू असलं तर सागरलाबी न्हाई."

"मंग माजा हात का धरलास?"

अश्विनी परत भिंतीला टेकली. "तुमी तुमच्या आईचं म्हणून पीत हुता," ती म्हणाली. "नवरात्र खोटं हुतं. म्हणून."

विहीणबाई उठल्या. ताम्हण उचलून अंगणात गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. एका बाजूला तुळस, दुसऱ्या बाजूला सांडपाण्याची मोरी. मी आयुष्यात बरीच वाट बघितली आहे, बढतीची, बदलीची, रिपोर्टची. त्या पाठीकडे बघताना मला जे झालं ते कधी झालं नव्हतं. अश्विनी भिंत धरून उभी होती. तिनं डोळे मिटले होते.

त्यांनी पाठ न वळवताच विचारलं, "परत कवा हाय सुई?"

"महिन्यानं. मंग दर दोन महिन्यांनी. आठ दिस हिकडं-तिकडं चालतंय."

"आन चुकली तर?"

"चुकवायचीच न्हाई आत्या. चुकली तर ती सुई परत लागू व्हत न्हाई."

"मंग लगीन झाल्यावर ध्यान कोन ठेवनार? सागरला सोताचा डबा घ्यायचं ध्यानात ऱ्हात न्हाई."

त्यांनी पाणी तुळशीत ओतलं. ताम्हण पालथं घातलं. मग मोरीवर जाऊन त्यांनी हात धुतले. साबण लावून धुतले, कोपरापर्यंत, बराच वेळ. आत येऊन म्हणाल्या, "जेवल्याबिगर सोडायची न्हाई," आणि पानं घेतली. अश्विनीचं ताट त्यांनी फळीवर ठेवलं, तिला उभ्यानं जेवता येईल असं. ताटं सगळी एकसारखी होती, हे मी बघितलं. भाकरी, वांग्याचं कालवण, वरून तूप. अश्विनीनं दोन भाकरी खाल्ल्या. माझी पहिलीच संपत नव्हती.

साताऱ्याला आल्यावर तिला एक दिवस कणकण आली, उतरली. चट्टे उठले नाहीत. सागरचा फोन येतो, लग्नाची तारीख अजून तीच आहे. त्याच्या आईचा फोन आलेला नाही. मी रोज जेवताना तोच विषय काढतो. त्यांनी हात धुतले, ते पायाचं पाणी हाताला लागलं म्हणून, की वाढायचं होतं म्हणून? अश्विनी म्हणते, वाढायच्या आधी सगळेच धुतात. कोपरापर्यंत का, असं मी विचारलं की ती उठून माझं ताट उचलते आणि धुवायला घेऊन जाते.